पावसाळ्यात उभा टेम्पो आणि उंदीर

बाजार आणि उरूस करून कापड विकणाऱ्या बांधवांचा टेम्पो म्हणजे त्यांचे फिरते दुकान. जूनमध्ये पाऊस लागला की जत्रा-उरूस थांबतात, आठवडे बाजार मंदावतात आणि हे दुकान तीन-चार महिने एका जागी उभे राहते. त्याच दिवसांत बिळांत पाणी शिरते आणि उंदीर कोरडी जागा शोधू लागतात.

या गफलतीची किंमत आम्ही मोजली आहे. एका वर्षी उरलेल्या चादरींचे दोन गठ्ठे टेम्पोतच ठेवून, वर ताडपत्री बांधून आम्ही निश्चिंत झालो. सप्टेंबरात किल्ली फिरवली तर बॉनेटखालून धूर निघाला. वायरींवरचे आवरण कुरतडलेले होते. मागे गठ्ठ्यांत पिले निघाली. माल भिवंडीहून उधारीवर आणलेला होता. चादरी गेल्या, देणे मात्र फेडावेच लागले.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत कुरतडावे लागते. घरातला लहान उंदीर सुमारे ६ मिलिमीटरच्या, म्हणजे पेन्सिलीएवढ्या भोकातून आत येतो. मादी तीन आठवड्यांत पाच-सहा पिले देते. सायझिंग केलेल्या कोऱ्या कापडाला स्टार्चची खळ असते. उंदराला तेथे बिछाना आणि जेवण दोन्ही मिळते.

म्हणून पहिले काम म्हणजे टेम्पो पूर्ण रिकामा करणे. कापड, चिंध्या, गोणपाट, सुतळी, डब्यातले उरलेले फरसाण, काहीही ठेवू नये. माल घरी पत्र्याच्या पेटीत किंवा जमिनीपासून उंच फळीवर ठेवावा. टेम्पो सिमेंटच्या जागेवर, भिंतीपासून दूर उभा करावा. शेजारी गवत, लाकडे किंवा भंगार नको. वर झाडाची फांदीही नको.

दुसरे काम भोके बुजवण्याचे. भर दिवसा आत बसून दारे लावून घ्यावीत. जिथून उजेड दिसेल तिथून उंदीर येईल. वायरी आणि पेडल जिथून जातात तेथील फटीही पाहाव्यात. फटीत स्टीलच्या तारेची घासणी घट्ट कोंबावी. साधी लोखंडी पावसात गंजते. नुसता फोम किंवा कापूस उंदीर सहज कुरतडतो. हवेच्या तोंडाला आणि सायलेन्सरला पाव इंची जाळी बांधावी. सायलेन्सरची जाळी इंजिन सुरू करण्याआधी आठवणीने काढावी.

तिसरे काम बॅटरीची वायर सोडून ठेवण्याचे. उंदीर दिव्याची वात ओढून घर पेटवू शकतो, म्हणून झोपताना दिवे विझवावेत, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. आज वातीची जागा वायरीने घेतली आहे. वायर सोडलेली असेल तर कुरतडले तरी ठिणगी पडत नाही. दर जुम्म्याला बॉनेट उघडून पाहण्याची सवय ठेवावी आणि वायरी तपासल्याशिवाय किल्ली फिरवू नये.

डांबराच्या गोळ्या आणि कापूर यांवर विसंबू नये. वास उडतो, उंदीर राहतो. विषाने उंदीर सीटखाली किंवा पत्र्यामागे मरतो आणि दुर्गंधी महिनाभर जात नाही. शिवाय घरात मुले आणि मांजरे असतात. पिवळा फॉस्फरस असलेल्या पेस्टवर तर उतारा औषध नाही. त्यापेक्षा चापाचे सापळे बरे. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो, म्हणून सापळा कडेलाच लावावा. नव्या वस्तूला तो बिचकतो. दोन-तीन दिवस चाप न ओढता शेंगदाणा किंवा सुकट ठेवावी, मग चाप ओढावा. सापळा रोज पाहावा, जीव तडफडत राहू देऊ नये.

लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून, ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून पुसाव्यात. उंदराच्या मूत्रातून लेप्टो पसरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याचा फैलाव पाहिला आहे. पायाला जखम असेल तर विशेष जपावे.

विम्यात उंदरांचे नुकसान धरले आहे की नाही, हे पॉलिसी घेतानाच विचारून लेखी घ्यावे. जाळी, घासणी आणि दोन सापळे यांचा खर्च एका चांगल्या चादरीच्या किमतीहून फारसा जास्त नाही. माल उधारीचा असेल तर तो सांभाळणे हे अमानत सांभाळण्यासारखेच आहे. रोजीत बरकत देणारा अल्लाह आहे, पण भोक बुजवण्याचे काम आपले आहे.