स्थळ, स्मृति आणि ऐतिहासिक कादंबरी

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यास वाचक हटकून विचारतात, "हें सारें तुम्हांला सुचतें तरी कसें?" बखरी, शकावल्या, जुना पत्रव्यवहार हीं साधनें सर्वांस ठाऊक आहेत. परंतु केवळ कागदांवरून कादंबरी होत असती, तर प्रत्येक इतिहाससंशोधक कादंबरीकार झाला असता. कागदांत जीव येतो तो दोन गोष्टींनीं: एक स्थळ व दुसरी स्मृति. तो कसा येतो, हें आज आपल्याच मुंबईच्या आधारें पाहूं.

श्रोतेहो, नाथमाधव हें नांव जुन्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचें आहे. त्यांचें खरें नांव द्वारकानाथ माधव पितळे. जन्म १८८२ सालीं मुंबईस. कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यांत नोकरीस असतां, १९०५ सालीं, ऐन तेविशींत, ते शिकारीसाठीं सिंहगडावर गेले आणि तेथें कड्यावरून कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचें शरीर कायमचें लुळें झालें. अंथरुणास खिळलेल्या त्या तरुणानें वाचनाचा आश्रय केला आणि वाचनांतून लेखन उद्भवलें. पुढें 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना' अशी शिवकालावरील कादंबऱ्यांची मालिकाच त्यांनीं गुंफली. १९२८ सालीं ते वारले. ज्याला पुन्हां गड चढणें शक्य नव्हतें, त्यानें गड चढणाऱ्यांच्या कथा लिहिल्या! ज्या सह्याद्रीनें पाय हिरावले, त्याच सह्याद्रीकडे त्याची लेखणी वळली, हा मला केवळ योगायोग वाटत नाहीं. कड्याची उंची पुस्तकांत फुटांनीं सांगतां येते. ती काय वस्तु आहे हें त्यांच्या देहास ठाऊक होतें.

इंग्रजी ऐतिहासिक कादंबरीचा जनक सर वॉल्टर स्कॉट याचीही हकीकत काहींशी अशीच आहे. बालपणींच्या आजारानें त्याचा एक पाय अधू झाला, म्हणून त्याला हवापालटासाठीं सरहद्दीवरील आजोबांच्या मळ्यावर ठेवलें. तेथें वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून ऐकलेल्या जुन्या लढायांच्या गोष्टी त्याला जन्मभर पुरल्या. 'वेव्हर्ली' १८१४ सालीं प्रसिद्ध झाली. तिचें बीज त्या मळ्यावर पडलें होतें.

आतां कोणी म्हणेल, नाथमाधवांना सिंहगड लाभला. गिरगांवच्या किंवा परळच्या चाळींत राहणाऱ्यास काय लाभणार? पुष्कळ लाभेल, मात्र पायांखालची जमीन वाचतां आली पाहिजे. समजा, आपल्या कथेचा नायक १७५० सालीं गिरगांवाहून घोड्यावर बसून थेट वरळीस निघाला. आजची सडक डोळ्यांपुढें ठेवून लिहाल, तर फसाल! त्या वेळीं मुंबई व वरळी यांच्यामध्यें समुद्राची खिंड होती. भरतीचें पाणी तींतून आंतल्या सखल भागांत शिरे. ती खिंड बांध घालून बुजविली गेली १७८४ च्या सुमारास. म्हणजे नायकानें घटका न पाहतां भरती-ओहोटी पाहावयास हवी. आणि एकदां हें कळलें, कीं भरती हें कथेंतलें एक पात्रच होऊन बसतें. पायधुणी, उंबरखाडी हीं नांवें त्या पाण्याचीच आठवण अजून सांगतात.

परळचीच दुसरी गोष्ट घ्या. येथील एका वास्तूंत पोर्तुगीज काळीं पाद्र्यांचा मठ होता. पुढें ती इंग्रज गव्हर्नराचा बंगला झाली. आणि १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवल्यानंतर, १८९९ सालीं, तेथेंच हाफकिन यांची लस करण्याची प्रयोगशाळा आली. प्रार्थना, मेजवान्या आणि प्लेगाची लस, तिन्ही एका छपराखालीं! ज्या कादंबरीकारास त्या भिंतींपाशीं घटकाभर उभें राहावेंसें वाटत नाहीं, त्यानें दुसरा विषय शोधावा.

स्मृतीचें काम याहून नाजूक आहे. लालबागेंतील एखाद्या आजीबाई सासूकडून ऐकलेली प्लेगाची हकीकत सांगतात. घर कसें सोडलें, दारावर काय खूण केली, कोणाला मागें ठेवावें लागलें, हें त्या बिनचूक सांगतील. पण साल विचारा, तर १८९६ चा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्ल्युएन्झा यांची सरमिसळ होईल. म्हणून नियम असा ठेवावा कीं, तारीख कागदाला विचारावी आणि भीति माणसाला विचारावी. यांची अदलाबदल झाली म्हणजे कादंबरी एक तर खोटी होते, नाहीं तर निर्जीव.

शेवटीं एक विनंती. गिरणगांवचा इतिहास आपल्या देखत इतिहासजमा झाला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडली, आणि त्या जागीं आज उत्तुंग इमारती उभ्या आहेत. संपाच्या तारखा वृत्तपत्रांत सांपडतील. परंतु एकाच गाळ्यांत पाळीपाळीनें निजणारे गडी वळकटी कोठें ठेवीत, खानावळवाल्या बाईचे पैसे थकले म्हणजे ती काय म्हणे, आणि ज्या पहांटे भोंगा वाजला नाहीं त्या पहांटे साचेवाल्याला जाग कशी आली, हें कोणत्याही दप्तरांत मिळणार नाहीं. तें सांगणारीं माणसें अजून आहेत, पण तीं थकलीं आहेत. आपल्या घरांत किंवा शेजारीं असें कोणी असेल, तर आज रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांच्यापाशीं बसा, विचारा आणि लिहून ठेवा. कादंबरी आपण लिहाल अथवा दुसरा कोणी लिहील. परंतु तिचें बीज आज जपलें नाहीं, तर पुढच्या लेखकाच्या हातीं नुसत्या तारखाच उरतील.