विश्लेषण : रानअळंबी खाण्याजोगी की जीवघेणी? ओळखण्याचा ‘सोपा नियम’ का नाही?

पावसाळा सुरू झाला की कोकण, गोवा आणि विदर्भातील बाजारांत रानअळंबीचे वाटे दिसू लागतात. कुठे ती अळंबी, कुठे अळमी, तर विदर्भात सात्या किंवा टेकोडे. पिढ्यान् पिढ्या रानात वावरणाऱ्यांसाठी हे मोसमी अन्न आहे. आता शहरातील हौशी मंडळीही मोबाइल घेऊन अळंबी शोधायला निघतात. मात्र चुकीची अळंबी पोटात गेली तर काय होते, हे एप्रिल २०२२ मध्ये आसामने पाहिले. तिथे विषारी रानअळंबी खाल्ल्याने १३ जणांचा मृत्यू झाला. मग या छंदाकडे पाहायचे कसे?

अळंबी म्हणजे नेमके काय?

अळंबी वनस्पती नाही. ती बुरशीचे फळ आहे. मूळ बुरशी जमिनीत, लाकडात किंवा पालापाचोळ्यात धाग्यांच्या जाळ्याच्या रूपात वर्षभर असते. पुरेसा ओलावा मिळाला की तिला छत्री फुटते. छत्रीखालच्या पातळ पट्ट्यांना ‘गिल्स’ म्हणतात. त्यांतून लाखो सूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात आणि त्यांतूनच बुरशीचा प्रसार होतो.

वारुळावरील अळंबी खास का?

आपल्याकडे सर्वाधिक मागणी असलेली रानअळंबी ‘टर्मिटोमायसिस’ या कुळातील असते. ही बुरशी आणि वाळवी यांची भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांची आहे. वाळवी पालापाचोळा वारुळात आणून त्यावर या बुरशीची शेती करते. बुरशी लाकडातील कठीण घटक फोडते आणि वाळवीला पचेल असे अन्न तयार होते. पावसाळ्यात याच शेतातून लांब, मुळासारखा दांडा जमीन भेदून वर येतो आणि छत्री उघडते.

वाळवीशिवाय ही अळंबी व्यावसायिक पद्धतीने पिकवणे अद्याप साधलेले नाही. बाजारात येते ती सगळी रानातूनच. त्यामुळे कोवळ्या कळ्याच उपटल्या तर बीजाणू पसरत नाहीत. बहुतेक जातींत वाळवीच्या नव्या वसाहतीला बुरशी बाहेरच्या बीजाणूंतूनच मिळते. म्हणजे ओरबाडून काढलेल्या अळंबीचा फटका पुढच्या वारुळांना बसतो. गोव्यात अभ्यासक अनेक वर्षांपासून हा इशारा देत आहेत.

जीवघेणी अळंबी शरीरात काय करते?

जगभरात अळंबीमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतांश मृत्यूंना ‘ॲमाटॉक्सिन’ हे विष कारणीभूत असते. ‘ॲमानिटा’ कुळातील काही जातींत ते आढळते. ‘डेथ कॅप’ ही त्यांपैकी सर्वांत कुप्रसिद्ध. हे विष पेशींतील ‘आरएनए पॉलिमरेज-२’ या विकराला रोखते. त्यामुळे पेशीला नवी प्रथिने तयार करता येत नाहीत आणि ती मरते. सर्वाधिक मार यकृतावर बसतो.

यातील फसवी बाब म्हणजे वेळ. खाल्ल्यानंतर साधारण ६ ते १२ तास, कधी त्याहूनही अधिक काळ काहीच जाणवत नाही. मग उलट्या, जुलाब सुरू होतात. त्यानंतर दिवसभर बरे वाटू लागते आणि रुग्ण निर्धास्त होतो. पण याच काळात यकृत निकामी होत असते. हे विष शिजवल्याने, वाळवल्याने किंवा गोठवल्याने नष्ट होत नाही.

घरगुती चाचण्या का फसतात?

‘चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी’, ‘लसूण काळी पडली तर विषारी’, ‘किड्यांनी खाल्लेली असेल तर सुरक्षित’, ‘रंगीत तेवढी विषारी’. यांतील एकही समज खरा नाही. चांदी गंधकाच्या संयुगांमुळे काळी पडते, ॲमाटॉक्सिनचा त्याच्याशी संबंध नाही. गोगलगायी डेथ कॅप खाऊनही जिवंत राहतात. शिवाय डेथ कॅप भडक नव्हे, तर फिकट हिरवट-पिवळसर असते आणि चवीलाही वाईट लागत नाही.

मोबाइल ॲपवर भरवसा ठेवता येईल का?

खाण्यासाठी तरी नाही. ॲप छायाचित्रातील रंग आणि आकार त्याला शिकवलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहते. दांड्याचे जमिनीत गाडलेले टोक, वास, बीजाणूंचा रंग या निर्णायक खुणा सहसा छायाचित्रात येतच नाहीत. समजा, एखादे ॲप १०० पैकी ९५ वेळा बरोबर ठरले, तरी उरलेल्या पाच वेळा ताटात काय असेल? फुलपाखरू ओळखताना ही चूक चालते, इथे नाही.

मग जाणकार ओळखतात कसे?

एका खुणेवर नव्हे, तर अनेक खुणा एकत्र पाहून. अळंबी कशावर उगवली आहे, गिल्सचा रंग काय, दांड्यावर कडे आहे का, बुडाशी पिशवीसारखे आवरण आहे का, हे सर्व तपासले जाते. पांढऱ्या गिल्स, दांड्यावर कडे आणि बुडाशी पिशवी हे त्रिकूट ॲमानिटाची शंका घ्यायला लावते. मात्र कडे गळून पडू शकते आणि अळंबी वरून तोडली तर पिशवी मातीतच राहते.

पुढची पायरी बीजाणूंच्या ठशाची. छत्री कापून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर गिल्स खाली करून ठेवायची आणि वर वाटी पालथी घालायची. काही तासांत, फार तर रात्रभरात कागदावर ठसा उमटतो. ॲमानिटाचा ठसा पांढरा, तर टर्मिटोमायसिसचा गुलाबीसर असतो. हिरवळीवर उगवणाऱ्या, खाण्याजोग्या छत्रीसारख्या दिसणाऱ्या ‘क्लोरोफायलम मोलिब्डायटिस’चा ठसा हिरवट येतो. ती खाल्ल्यास काही तासांतच जोरदार उलट्या होतात. ठसा शंका दूर करण्यास मदत करतो, पण तेवढ्यावर अळंबी खाण्याजोगी ठरत नाही.

कुठूनही अळंबी तोडता येते का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांतून परवानगीशिवाय वनोपज नेता येत नाही. तिथे छायाचित्र, टिपण आणि ठिकाणाची नोंद यांवरच थांबावे.

घरी पिकवायची असेल तर?

सुरुवातीला धिंगरी सर्वांत सोपी. भाताचा पेंढा बारीक कापून रात्रभर भिजवायचा, सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचा आणि निथळून थंड करायचा. मुठीत दाबल्यावर पाणी टपकता कामा नये. मग छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत पेंढा आणि स्पॉन, म्हणजे अळंबीचे बियाणे, थरावर थर भरायचे. पिशवी अंधाऱ्या जागी ठेवली की १५ ते २० दिवसांत पांढरे धागे पसरतात. त्यानंतर पिशवी काढून मंद उजेड, खेळती हवा आणि पाण्याची फवारणी द्यायची. २० ते ३० अंश तापमान आणि ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता तिला मानवते. छत्रीच्या कडा वर वळण्याआधी काढणी करावी.

पेंढ्यावर हिरवी बुरशी दिसली किंवा धिंगरीऐवजी वेगळीच छत्री उगवली, तर पिशवी टाकून द्यावी. धिंगरीच्या बीजाणूंची काहींना ॲलर्जी होते, म्हणून पिशव्या झोपण्याच्या खोलीत ठेवू नयेत. स्पॉन खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे, तर सोलन येथे राष्ट्रीय पातळीवरील संशोधन संचालनालय आहे.

रानअळंबी खाऊन त्रास झाल्यास काय करावे?

लक्षणे थांबली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जावे. किती वाजता खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे आणि उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, सोबत न्यावी. त्याच ताटातील इतरांनाही, त्रास नसला तरी, तपासून घ्यावे. विष एकाच भांड्यातून सगळ्यांच्या पोटात गेलेले असते, लक्षणांची वेळ मात्र प्रत्येकाची वेगळी असू शकते.