गुडघ्याची गादी आणि सब्ज्याचं बी

चाळिशी उलटली, की बायकांच्या गप्पांत मुलांच्या परीक्षांच्या जोडीला गुडघे येऊन बसतात. आमच्या बचत गटाच्या बैठकीत तर आता निम्म्या जणी सतरंजीवर आणि निम्म्या खुर्चीवर! 'गादी झिजली', 'वंगण संपलं' हे शब्द सगळ्यांच्या तोंडी. पण ही गादी म्हणजे नेमकं काय, हे किती जणींना माहीत असतं?

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, तीच ही गादी. जाडी जेमतेम काही मिलिमीटर आणि त्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच. तिच्यात ना रक्तवाहिन्या, ना मज्जातंतू. विळीवर बोट कापलं, तर रक्त धावून येतं, जखम भरते. कूर्चेच्या मदतीला धावून येणारं कोणीच नाही. एकदा झिजली, की ती आपणहून धड भरून येत नाही, हे लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलंय.

१९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी एक नवी वाट दाखवली. रुग्णाच्याच कूर्चेतल्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि खड्डा पडलेल्या जागी परत सोडायच्या. पण पेशींना तिथे टिकून राहायला घर नको का? इथे हायड्रोजेल कामाला येतं. नाव अवघड, वस्तू ओळखीची. सब्ज्याचं बी पाण्यात टाकलं, की भोवती बुळबुळीत कवच धरतं ना? तसंच काहीसं. पाणी धरून ठेवणारं, पण पाण्यात न विरघळणारं धाग्यांचं जाळं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही त्यातूनच जन्मली.

समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, जिलेटिन, आपल्या सांध्यातच असणारं हायलुरोनिक आम्ल यांपासून अशी जेल बनवतात. दिल्लीच्या आयआयटीत रेशमातल्या प्रथिनावरही काम झालंय. अडचण एवढीच, की जेलनं जिना चढताना पडणारा भार सोसायचा, आतल्या पेशींपर्यंत अन्न पोहोचू द्यायचं आणि नवी कूर्चा तयार होईल तसतसं स्वतः हळूहळू विरून जायचं. सासर-माहेर दोन्ही सांभाळण्यासारखंच हे!

संशोधन पुढे सरकतंय. कोरियात २०१२ मध्ये नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी हायलुरोनिक आम्लाच्या जेलमधून गुडघ्यात बसवण्याच्या उपचाराला मान्यता मिळाली. पण ती शस्त्रक्रिया आहे, बाह्यरुग्ण विभागात टोचलेली सुई नव्हे.

हे सांगायचं कारण, आमच्या गटातल्या एक मावशी पाटल्या मोडायला निघाल्या होत्या. 'जेलचं इंजेक्शन घ्या, गादी पुन्हा तयार करा,' अशी जाहिरात त्यांच्या हाती पडली होती. मैत्रिणींनो, सर्रास मिळणारं जेलचं इंजेक्शन हे वंगणासारखं असतं. काहींना त्यानं थोडे दिवस आराम पडतो, पण नवी कूर्चा उगवत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. या उपचाराला देशाच्या औषध नियंत्रकांची मान्यता आहे का? माझी कूर्चा एका जागी खराब झालीय, की सगळीकडे झिजलीय? आणि हा प्रयोग असेल, तर त्याची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात आहे का? ही सरकारी नोंदवही कुणालाही पाहता येते. प्रयोगातल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात, हेही पक्कं लक्षात ठेवा.

तोवर मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि आटोक्यातलं वजन, या दोन गोष्टींना तोड नाही. घरातल्या सगळ्यांच्या औषधांच्या वेळा आपल्याला तोंडपाठ असतात. त्यातली अर्धा तासाची एक वेळ आपल्या गुडघ्यांसाठी राखून ठेवायला काय हरकत आहे?