जुन्या व नव्या प्रोसेसरांच्या गतीची तुलना

सेनगाव तालुक्यातील गोरेगावसारख्या गावी शाळेस किंवा सेवा-केंद्रास जुना संगणक ठेवावा की नवा घ्यावा, असा प्रश्न जेव्हा पडतो, तेव्हा तो केवळ कुतूहलाचा राहत नाही. हाती असलेल्या थोड्या पैशांचा विनियोग त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो. विक्रेता बहुधा गिगाहर्ट्‌झचा आकडा पुढे करतो व घेणारा तोच प्रमाण मानतो. हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रोसेसरचे काम एका ठराविक ठोक्यावर चालते. एक गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदास एक अब्ज ठोके. परंतु प्रत्येक ठोक्यास किती काम उरकते, हे या आकड्यात कोठेच सांगितलेले नसते. विहिरीवरील मोट आपल्या भागातील वाचकांस अपरिचित नाही. बैल वेगाने चालले म्हणजे फेऱ्या वाढतात. तथापि मोट लहान असेल तर पाटात पाणी थोडेच पडते. शेतास मिळणारे पाणी म्हणजे फेऱ्या आणि मोटेचे आकारमान यांचा गुणाकार होय. प्रोसेसरची गतीही अशीच दोन राशींच्या गुणाकाराने ठरते.

याचे बोलके उदाहरण इंटेलच्याच दोन प्रोसेसरांत सापडते. २००४ च्या अखेरीस आलेला पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्‌झचा होता. २००६ साली आलेल्या कोअर २ डुओच्या एका प्रकाराचा आकडा अवघा २.४ होता, तरीही बहुतेक कामांत त्याने आपल्या पूर्वजास मागे टाकले. याचे एक कारण रचनेत आहे. त्या पेंटियममध्ये एका आज्ञेस ३१ टप्प्यांतून जावे लागे. पुढे कोणती आज्ञा येणार याचा प्रोसेसर आधीच अंदाज बांधतो. तो अंदाज चुकला की वाटेतील सारे काम टाकून पुन्हा आरंभ करावा लागतो. नव्या रचनेत हे टप्पे १४ वर आले, म्हणून चुकीची किंमत घटली. शिवाय एका ठोक्यास अधिक आज्ञा हाताळण्याची सोय झाली. उष्णतेच्या हिशेबासाठी दिलेला पहिल्याचा आकडा ११५ वॅट होता, दुसऱ्याचा ६५.

ठोके वाढवीत नेण्याचा मार्ग याच सुमारास खुंटला. ठोके व विद्युत्-दाब वाढविले की उष्णता भराभर वाढते, आणि दाब एका मर्यादेखाली उतरविता येईना. यास्तव उत्पादकांनी एकाच तुकड्यावर अनेक कोअर बसविण्यास प्रारंभ केला. अनेक प्रोसेसरांत काम वाटून देण्याची ही युक्ती महाराष्ट्रास नवी नव्हती. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक याच तत्त्वावर उभा होता. मात्र या युक्तीस मर्यादा आहे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली दाखविल्याप्रमाणे, कामाचा पाचवा भाग वाटून देता येत नसेल तर चार कोअर लावूनही ते अडीचपटच लवकर उरकते. आणि कोअर कितीही वाढविले तरी पाचपटीपलीकडे जाता येत नाही. मराठीत अर्ज टंकलिखित करणाऱ्यास आठ कोअरांचा लाभ फारसा जाणवत नाही, तो यामुळेच.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अनेकदा मंदपणाचा दोष प्रोसेसरचा नसतोच. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पुरा करण्यास सुमारे ८.३ सहस्रांश सेकंद लागतात. सरासरी अर्धा फेरा आणि वाचक-शीर्ष सरकण्याचा वेळ मिळून एखादी विखुरलेली नोंद शोधण्यास बारा-तेरा सहस्रांश सेकंद जातात. तेवढ्या अवधीत ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे सुमारे पावणेचार कोटी ठोके पडून जातात. विहिरीलाच पाणी नसेल तर बैल किती चालले, याला अर्थ उरत नाही. फिरते भाग नसलेली एसएसडी हीच नोंद साधारण दशसहस्रांश सेकंदात देते. म्हणून जुन्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली आणि स्मृती पुरेशी वाढविली, तर प्रोसेसर न बदलताही यंत्र पुनश्च उपयोगी झाल्याचा अनुभव येतो.

मग तुलना करावी कशी? आपले नित्याचे काम घ्यावे : यंत्र सुरू करणे, मोठा तक्ता उघडणे, पन्नास पानांचे मुद्रण सिद्ध करणे. दोन्ही यंत्रांवर तीच आज्ञावली व तीच माहिती ठेवून लागणारा वेळ मोजावा. प्रत्येक काम पाच वेळा करून मधला आकडा घ्यावा. पहिली खेप वेगळी नोंदवावी, कारण दुसऱ्या खेपेस माहिती बहुधा स्मृतीत तयार असते. हीच परीक्षा मे महिन्यातील दुपारीही करावी. धुळीने पंखा माखला असेल तर तापलेला प्रोसेसर आपले ठोके स्वतःच कमी करतो, आणि खोक्यावरील आकडा खोक्यावरच राहतो.

अखेरीस एक भेद ध्यानी ठेवावयास हवा. विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारणतः आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर स्वीकारते. त्यापूर्वीची यंत्रे यामुळे बाद ठरली, ती सर्व मंद आहेत म्हणून नव्हे. त्यांतील पुष्कळ यंत्रे लिनक्सवर अजून निर्वेधपणे काम देऊ शकतात. मात्र आपल्याला लागणारी आज्ञावली तेथे चालते की नाही, हे आधी पाहावे. गती, सुरक्षितता आणि विजेचा खर्च हे तीन स्वतंत्र प्रश्न होत. २०२३ साली आलेला इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर केवळ ६ वॅटचा आहे. त्याचा कमाल आकडा ३.४ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे २००४ च्या पेंटियमहूनही कमी, असूनही तो त्यास सहज मागे टाकतो. नवे यंत्र घेण्यास अशी सबळ कारणे असू शकतात. परंतु गिगाहर्ट्‌झचा आकडा हे त्यांपैकी एक नव्हे.