उसासाठी वेगळे पैसे मोजावेत का? सिम्युलेशन गेमच्या डीएलसीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑक्टोबर २०१६ मध्ये स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअर कंपनीचा ‘फार्मिंग सिम्युलेटर १७’ हा गेम आला आणि त्यात सोयाबीन हे पीक नव्यानं दाखल झालं. लातूरच्या मोंढ्यात ज्याच्या भावाकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, ते पीक गेमच्या मूळ किमतीतच मिळालं. ऊस मात्र नव्हता. तो वर्षभरानं, नोव्हेंबर २०१७ मध्ये आला आणि तोही ‘प्लॅटिनम’ नावाच्या विकतच्या डीएलसीतून, म्हणजे मूळ गेमला वरून जोडायच्या भागातून. दक्षिण अमेरिकी धाटणीचा नवा नकाशा, ऊस लावायचं यंत्र आणि तोडणीचं हार्वेस्टर असा तो ऐवज होता. या गेममध्ये बेणं म्हणून यंत्रात ऊसच भरावा लागतो आणि तोडणीनंतर पुन्हा लागवड न करता खोडवा येतो. मांजरा काठच्या कुणाही गेमरला मोह पडावा असंच हे सगळं. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘फार्मिंग सिम्युलेटर १९’ आला आणि त्यात ऊस मूळ गेममध्येच होता, जोडीला कापूसही होता. म्हणजे प्लॅटिनम घेणाऱ्यानं पैसे मोजले ते मुख्यतः वर्षभर आधी ऊस लावता यावा म्हणून. डीएलसी घ्यावी की नाही, या वादात नेमकी हीच बाब नजरेआड होते. ‘ही शुद्ध लूट आहे’ म्हणणारे आणि ‘डीएलसीशिवाय गेमला मजा नाही’ म्हणणारे, दोघंही किमतीबद्दल भांडतात. पैसे नेमके कशाचे मोजतो आहोत, हे कुणी विचारत नाही.

गैरसमज : मूळ गेम अर्धवट असतो, खरा माल डीएलसीत असतो

शेतीच्याच गेमचा हिशेब पुढं नेऊ. कापूस आला तो २०१८ च्या मूळ गेममध्ये. ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण ज्या जिल्ह्याच्या कापूस संशोधन केंद्रातून निघालं, तिथल्या मुलाला कापसासाठी वेगळा रुपया द्यावा लागला नाही. ज्वारी आणि द्राक्षं २०२१ च्या ‘फार्मिंग सिम्युलेटर २२’ मध्ये आली, तीही मूळ गेममध्येच. नोव्हेंबर २०२४ च्या ‘फार्मिंग सिम्युलेटर २५’ मध्ये भात आला, खाचरात पाणी भरण्यापासून रोपलावणीपर्यंतच्या सगळ्या कामांसह, आणि त्यासाठीही जास्तीचे पैसे पडले नाहीत. मराठवाड्याच्या शिवारातल्या पिकांपैकी वर्षभर का होईना, विकत मिळालं ते फक्त ऊस. तुरीचा तर मूळ गेममध्येही पत्ता नाही. दुसरं उदाहरण शहर वसवण्याच्या ‘सिटीज : स्कायलाइन्स’ या गेमचं. २०१५ मध्ये त्याची ‘आफ्टर डार्क’ ही पहिली डीएलसी आली, तेव्हा दिवस-रात्रीचं चक्र हा सर्वांत मोठा बदल सगळ्यांनाच मोफत मिळाला. सायकल मार्ग, बससाठी राखीव मार्गिका, टॅक्सी यांसारख्या गोष्टी विकत होत्या. मोठ्या डीएलसीबरोबर मूळ गेमलाही काही ना काही मिळतं, ही पद्धत या धंद्यात रुळलेली आहे.

यावर माणसांचा घरसंसार चालवण्याच्या ‘द सिम्स ४’ या गेमचं नाव हमखास पुढं येतं आणि ते रास्तच आहे. २०१४ मध्ये हा गेम पोहण्याच्या तलावाशिवाय आणि रांगत्या वयाच्या मुलांशिवाय आला होता. त्या दोन्ही गोष्टी नंतर मोफत जोडल्या गेल्या, पण कुत्री-मांजरं आणि ऋतू मात्र डीएलसीतच राहिले. सगळ्या डीएलसी घ्यायच्या म्हटल्या तर बिल एक हजार डॉलरच्या वर जातं. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ऑक्टोबर २०२२ पासून हा मूळ गेमच फुकट आहे. जिथं मूळ गेम फुकट, तिथं डीएलसी हीच कमाई. तिथं ‘मूळ गेम अर्धवट’ हा आरोप बऱ्याच अंशी खरा ठरतो, पण तोच आरोप पूर्ण किमतीच्या प्रत्येक गेमवर सरसकट लादता येत नाही.

गैरसमज : विकतचं ते दर्जेदार, फुकटचं ते टाकाऊ

हा समज खोडायला दोनच दाखले पुरेत. पहिला ‘प्रिसिजन फार्मिंग’चा. डिसेंबर २०२० मध्ये जायंट्सनं ही डीएलसी मोफत दिली. तिच्या मागे युरोपीय संघाच्या पाठबळावर चालणारी ईआयटी फूड ही संस्था होती. यात शेतातल्या मातीचे नमुने घ्यायचे, ते तपासणीला पाठवायचे, मग नकाशावर मातीचा प्रकार, सामू आणि नत्राचं प्रमाण तुकड्यातुकड्यानं दिसू लागतं. त्यानुसार जिथं जितकं हवं तितकंच खत आणि चुना द्यायचा. सरसकट खत ओढणाऱ्याचा खर्च वाढतो आणि गेम तो हिशेबात दाखवतो. लातूरच्या कृषी महाविद्यालयात मृदा परीक्षण शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कुठल्याही विकतच्या ट्रॅक्टर पॅकपेक्षा हे जास्त उपयोगी आहे. दुसरा दाखला उलट्या बाजूचा. मार्च २०२४ मध्ये ‘सिटीज : स्कायलाइन्स २’ साठी ‘बीच प्रॉपर्टीज’ ही विकतची डीएलसी आली. मूळ गेमच अजून धड चालत नसताना ती विकायला काढल्याबद्दल खेळणाऱ्यांनी इतकी टीका केली की एप्रिलमध्ये गेम बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांनी जाहीर माफी मागितली, पैसे परत करायची घोषणा केली आणि ती डीएलसी सगळ्यांना मोफत करून टाकली. ज्यांनी महिनाभर कळ काढली, त्यांना तीच वस्तू फुकट मिळाली.

मोफत मॉडचं, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या जोडण्यांचं जग तर याहून मोठं आहे. मोबाइलवरच्या ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ या गेममध्ये आपल्याकडची मुलं एसटीच्या लाल बसपासून खासगी ट्रॅव्हल्सपर्यंतच्या रंगसंगती चढवतात, त्या हौशी मंडळींनीच बनवलेल्या असतात. रेल्वेच्या बाबतीतही तेच. ‘ओपन रेल्स’ हा सिम्युलेटर मोफत आहे आणि त्यावर चालणारी भारतीय इंजिनं आणि डबे हौशी लोकांनी वर्षानुवर्षं बनवून वाटले आहेत. विकतच्या बाजाराचं लक्ष मुख्यतः युरोप, अमेरिका आणि जपानकडे आहे. आपल्या भागाचं काही हवं असेल, तर ते बहुधा फुकटातच मिळतं. यावर आक्षेप येतो की मॉडचा भरवसा काय? तो खोटा नाही. गेमचा नवा अपडेट आला की जुना मॉड बिघडू शकतो आणि अनोळखी साइटवरून उतरवलेल्या फाइलबरोबर व्हायरसही येऊ शकतो. शिवाय ‘फार्मिंग सिम्युलेटर’च्या मोबाइल आवृत्त्यांत मॉड चालतच नाहीत. पण जायंट्सच्या अधिकृत ‘मॉडहब’वर तपासून घेतलेले मॉड मोफत मिळतात. मॉड कुठून घेतो याची काळजी घेतली, तर या आक्षेपातला मोठा भाग गळून पडतो.

गैरसमज : आत्ता घेतलं नाही तर संधी गेली

सेलच्या दिवसांत हा समज सर्वांत जास्त पैसे खर्च करायला लावतो. उसाचं २०१७-१८ चं उदाहरण एकटं असतं तर योगायोग म्हणता आला असता, पण तसं नाही. २०१९ मध्ये ‘फार्मिंग सिम्युलेटर १९’ साठी क्लास या जर्मन कंपनीच्या यंत्रांची विकतची डीएलसी आली आणि २०२१ च्या पुढच्या गेममध्ये क्लासची यंत्रं मुळातच होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाजर, पार्स्निप आणि बीट ही पिकं विकतच्या ‘प्रीमियम’ डीएलसीतून आली आणि वर्षभरानं ‘फार्मिंग सिम्युलेटर २५’ च्या मूळ यादीत जाऊन बसली. तीन वेळा तेच घडलं म्हटल्यावर निष्कर्ष काढायला हरकत नाही. अशा मालिकेत आजची विकतची जोडणी उद्याच्या मूळ गेमचा भाग होण्याची शक्यता मोठी असते. मग पुढच्या आवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं असताना डीएलसी घ्यायची ती डोळे उघडे ठेवून.

याला अपवाद आहेत. परवान्याची मुदत संपली की काही गेम विक्रीतून काढले जातात. गाड्यांच्या शर्यतीचा ‘फोर्झा होरायझन ४’ डिसेंबर २०२४ मध्ये तसाच दुकानातून उतरवला गेला. दुसरा अपवाद ज्या गेमची नवी आवृत्ती येतच नाही त्यांचा. चेक कंपनीचा ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा २०१२ चा गेम आजही सुधारत आहे. जुने रस्ते नव्यानं बांधून मोफत दिले जातात आणि तो खर्च स्कँडिनेव्हिया, इटली, ग्रीस अशा विकतच्या नकाशांतून निघतो. इथं थांबून काही फुकट मिळणार नाही, सेलमध्ये स्वस्त मिळेल इतकंच. ‘बनवणाऱ्यांनीही पोट भरायला नको का?’ हा प्रश्न अशा गेमच्या बाबतीत अगदी वाजवी आहे. त्याचं उत्तर असं की, जो नकाशा तुम्ही महिनोन्‌महिने खेळणार आहात तो जरूर घ्या. मात्र कंपनीवर उपकार म्हणून न वापरण्याची दहा पॅक घेऊन ठेवण्यात कुणाचं शहाणपण नाही.

गैरसमज : जास्त वस्तू मिळाल्या म्हणजे पैसे वसूल

डीएलसीच्या जाहिरातीत आकडे ठळक असतात, चाळीस यंत्रं, शंभर इमारती वगैरे. पण सिम्युलेशन गेममध्ये वेळ जातो तो कामात. नांगरट, पेरणी, तोडणी, वाहतूक हेच पुन्हापुन्हा करायचं असतं. नवी यंत्रं आली तरी काम तेच राहतं, हिरव्या ट्रॅक्टरच्या जागी लाल येतो एवढंच. ऊस आला तेव्हा मात्र बेणं, तोडणी, खोडवा ही कामाची नवी साखळीच आली. म्हणून पाहायचं ते वस्तूंची संख्या नव्हे, नवं काम किती हे. साधा हिशेब करून पाहा. हजार रुपयांची डीएलसी पन्नास तास खेळलात तर तासाला वीस रुपये पडले. तीनशे रुपयांचं ट्रॅक्टर पॅक दोन तासांत मनातून उतरलं, तर तासाला दीडशे. ‘आनंद तासांत मोजता येत नाही’ हे खरंच आहे. एखाद्याला ठरावीक ट्रॅक्टरची आवडच असेल, तर त्यानं तो जरूर घ्यावा. पण मग आवडीचे पैसे आवडीच्या खात्यावर लिहावेत, ‘गेम पूर्ण झाला’ या खात्यावर नव्हे.

विमानांच्या गेममध्ये हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. २०२० च्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये जगातले ३७ हजारांवर विमानतळ मूळ गेममध्येच दिले होते. त्यामुळं आपल्या गावाजवळच्या छोट्या धावपट्टीवर उतरायचं म्हणून वेगळं दुकान धुंडाळावं लागत नाही. तिथं पैसे मोजण्याजोगी गोष्ट म्हणजे ज्याच्या प्रत्येक बटनाचं आणि यंत्रणेचं वागणं खऱ्यासारखं बारकाईनं उतरवलं आहे, असं एखादं विमान. ते शिकायलाच महिने जातात. देखण्या विमानतळावर मात्र चार वेळा उतरलं की नवलाई संपते.

गैरसमज : विकत घेतलं म्हणजे कायमचं आपलं

इथं कायदा आणि समज यांत मोठी दरी आहे. ऑनलाइन दुकानात ‘खरेदी करा’ हे बटन दाबलं तरी हातात पडतो तो वापराचा परवाना. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरतानाच तशी सूचना दिसते. व्यवहारातला अर्थ सरळ आहे. ‘फार्मिंग सिम्युलेटर १७’ ची डीएलसी ‘१९’ मध्ये चालत नाही आणि कॉम्प्युटरवर घेतलेली एक्सबॉक्सवर आपोआप येत नाही. उलट २०२४ च्या नव्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये २०२० साठी घेतलेल्या बहुतेक जोडण्या चालतात. म्हणून महागडी खरेदी करायचीच असेल, तर जिथं ती पुढच्या आवृत्तीत सोबत येते तिथं करावी. पैसे परत मिळण्याची सोयही माहीत असावी. स्टीमवर डीएलसी घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि खरेदीनंतर मूळ गेम दोन तासांहून कमी खेळला असेल, तर बहुतेक वेळा पैसे परत मागता येतात.

गैरसमज : हा सगळा जुगारच, आता कायद्यानं बंद

लातूरच्या ट्यूशन एरियात मुलाला ठेवलेल्या पालकांना ही भीती वाटणं स्वाभाविक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, तो पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घालतो. ठरलेल्या किमतीला नकाशा किंवा पीक विकत घेण्यात पैसे जिंकण्याची आशाच नसते, त्यामुळं डीएलसी त्या बंदीत येत नाही. पालकांनी लक्ष ठेवायचं ते मोबाइल गेममधल्या नाण्यांवर आणि हिऱ्यांवर. डीएलसीत काय मिळणार हे आधी कळतं आणि खर्च एकदाच होतो. नाण्यांच्या खरेदीला मात्र शेवट नसतो.

या सगळ्याचा निवाडा करायचा तर असा. डीएलसी घेण्याआधी मूळ गेम पोटभर खेळून झाला आहे का, ते पाहावं. नवी डीएलसी नवं काम देते की जुन्याच कामाला नवा रंग, ते तपासावं. तेच मोफत मॉडमधून किंवा पुढच्या आवृत्तीतून मिळण्याजोगं आहे का, याचा अंदाज घ्यावा. या कसोट्यांतून जी एखाददुसरी उतरेल, ती सेलमध्ये बिनदिक्कत घ्यावी. बाकीच्यांसाठी खिशात हात घालण्याची गरज नाही.