अदेबायो : आनंदाला भेटलेला मुकुट

‘अदे’ म्हणजे मुकुट, ‘बा’ म्हणजे भेटणे, ‘अयो’ म्हणजे आनंद. ‘अदे’ने सुरू होणारं नाव मुळात राजघराण्याशी नातं सांगतं. नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबा समाजात हे व्यक्तिनाव. पिढीजात आडनावांची चाल तिथे मिशनरी शाळा आणि इंग्रजी राजवटीच्या दप्तरांबरोबर रुजली, म्हणून आजही अदेबायो कुणाचं नाव असतं, तर कुणाचं आडनाव. योरुबात स्वराच्या चढउतारानं शब्दाचा अर्थ बदलतो. लिहिताना तो दाखवणाऱ्या स्वरखुणा ब्रिटिश कागदपत्रांत सहसा गळतात, आणि हे नुकसान लहान नाही.

नायजेरियाच्या १९६०च्या स्वातंत्र्याच्या आगेमागे तिथले विद्यार्थी ब्रिटनला गेले. १९८०च्या दशकात तेलाचे भाव कोसळल्यावर आणखी कुटुंबं गेली. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये नायजेरियात जन्मलेले सुमारे २ लाख ७० हजार लोक होते, अर्थात त्यांत इग्बो आणि इतर समाजही आले. योरुबा आडनावांची दाटी मुख्यतः लंडनमध्ये, त्यातही पेकहॅमसारख्या आग्नेयेकडच्या वस्त्यांत.

‘सम काइंड ऑफ ब्लॅक’ (१९९६) या कादंबरीचे लेखक डिरान अदेबायो लंडनचेच. त्यांचे भाऊ डोटुन हे बीबीसी रेडिओचे परिचित निवेदक.