ऑपरेशन मुंबईत, जेवण मांडवीत

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून रत्नागिरीला परतलेल्या माणसाला डॉक्टरांनी दिला नसेल इतका सल्ला मांडवीच्या जेटीवर मिळतो. संध्याकाळी फिरायला गेलं की कुणीतरी ओळखीचं भेटतंच. 'चरबी काढून आणलीस म्हणे?' इथून सुरुवात होते आणि 'जपून हो, अमक्याचं वजन परत होतं तिथं आलं' इथे गाडी थांबते. मधल्या दहा मिनिटांत आयुष्यभर पेजेवर राहायचं असतं, केस गळून टक्कल पडायचं असतं आणि मूल तर होणारच नसतं.

यातलं बरंचसं चुकीचं आहे. शस्त्रक्रियेआधीचे गैरसमज माणसाला दवाखान्यापासून लांब ठेवतात, ते वाईटच. पण नंतरचे गैरसमज रक्तात, हाडांत आणि नसांत उतरतात. शिवाय शस्त्रक्रिया होते मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूरला. पुढची तीस-चाळीस वर्षं मात्र इथल्याच स्वयंपाकघरात काढायची असतात. म्हणून आधीचे गैरसमज थोडक्यात आणि नंतरचे सविस्तर.

'चरबी काढली', 'हे पाचशे किलोवाल्यांसाठी'

चरबी शोषून काढतात ते लायपोसक्शन. त्याचा बेरिॲट्रिक म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेशी संबंध नाही. स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. अन्न मग बाकीचं जठर आणि आतड्याची सुरुवात टाळून जातं. हे काही कालचं खूळ नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला तो १९६६ साली.

फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं, तेव्हा महिनाभर टीव्हीवर तेच चाललं होतं. वजन सुमारे ५०० किलो, खास विमान, क्रेन. मार्चमध्ये त्यांची स्लीव्ह झाली. मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये तिथेच त्या गेल्या. त्या बातम्यांनी लोकांच्या मनात दोन गोष्टी पक्क्या बसवल्या: हे अवाढव्य माणसांसाठी असतं, आणि यात माणूस मरतो. खरं तर ती जगावेगळी केस होती. नितीन गडकरींनी ही शस्त्रक्रिया २०११ मध्ये करून घेतली, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३५ किंवा त्याहून जास्त असेल, तर बाकी आजार नसतानाही या शस्त्रक्रियेची शिफारस आहे. आशियाई लोकांसाठी ती रेघ २७.५ पर्यंत खाली आणली आहे. पाच फूट तीन इंच उंचीच्या बाईचा बीएमआय ३५ होतो तो साधारण ९० किलोला. अशा बायका आपल्या प्रत्येक वाडीत आहेत. आपल्याकडच्या आरोग्यविम्याची अट मात्र अजून जुनीच आहे: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. विमा बसत नाही म्हणजे शस्त्रक्रियेची गरज नाही, असा अर्थ काढू नये. जोखीम आहे, पण ती पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या आसपासची. मोठ्या पाहण्यांत पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी एक ते तीन इतके आढळले आहेत.

'आता आयुष्यभर पेज'

पेज असते ती पहिल्या दिवसांत. साधारण दोन आठवडे पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी घरातलंच जेवण. नेमकं वेळापत्रक आपल्या सर्जनचं आणि आहारतज्ज्ञांचं मानायचं.

गोम अशी, की कोकणातल्या घरात आजारी माणसाला प्रेमाने दिली जाते ती पेज आणि गुरगुट्या भात, आणि दोन्हींत प्रथिनं नावापुरती. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत तर वजन उतरतं, पण त्यात स्नायूही उतरतात. काटा खुश, माणूस मात्र जिना चढताना धापा टाकतो.

इथे मांडवीकरांचं नशीब चांगलं आहे. १०० ग्रॅम बांगड्याच्या मांसात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. उकडलेला किंवा कमी तेलाच्या सारातला मासा मऊही असतो. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग श्रावण, मग गणपती. म्हणजे ऐन पावसात अनेक घरांतून मासा जवळजवळ नाहीसाच होतो. सुकट आणि सुके बोंबील असतात, पण त्यांत मीठ भारी. अशा वेळी कुळथाची पिठी, अंडी, मूग, घट्ट वरण, दही आणि पनीर यांवर महिने काढायचे हे मे महिन्यातच ठरवून ठेवावं. पिठी पातळ पळीवाढी नको, घट्ट हवी. उपासाची साबुदाण्याची खिचडी तर या पोटाला कुठल्याच बाजूने चालत नाही: निव्वळ पिष्ट, वर तेल. 'एकादशी, दुप्पट खाशी' हे शस्त्रक्रिया झालेल्यांच्या बाबतीत शक्यच नाही, आणि मोजक्या घासांतली जागा साबुदाण्याला देणं परवडत नाही.

ताट कसं दिसतं? खरं तर ताट नव्हेच, बशी. आधी मासा, अंडं किंवा उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटी भाकरीचा चतकोर. लहान चमचा. घास तोंडातच पातळ होईपर्यंत चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा. वीस ते तीस मिनिटं. छातीत दाटल्यासारखं झालं, एकदम उचकी लागली किंवा नाकातून पाणी आलं, की तो शेवटचा घास. त्यानंतरचा घास बहुधा परत वर येतो.

आपल्याला सवय जेवणासोबत पाणी आणि शेवटी भातावर सोलकढी घ्यायची. आता जेवण आणि पेय यांत अर्धा तास अंतर हवं. सोलकढी सोडायची नाही, तिची वेळ बदलायची: दुपारी चारला, नारळाचं दूध पातळ ठेवून. सरबतापेक्षा बिनसाखरेचं आगळ, पाणी आणि जिरं बरं. रक्तदाब असेल त्याने तेवढं आगळातल्या मिठाकडे बघावं.

'आम्ही रोज मासे खातो, गोळ्या कशाला?'

हा माझ्या मते इथला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. माशात बी-१२ भरपूर असतं, बांगड्यात तर विशेष. पण ते अन्नातून सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं आणि आतड्यात शोषलं जायला जठरातच तयार होणारा एक घटक लागतो. जठरच कापलं किंवा वळसा घालून टाळलं, की मासा खाऊनही बी-१२ रक्तात पुरेसं पोचत नाही. शाकाहारी माणसाचा साठा मुळातच कमी, त्याचं तर बोलायलाच नको. यकृतात साठा असल्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही. पायांना मुंग्या, विसरभोळेपणा, तोल जाणं हे सुरू होतं, तोवर जीवनसत्त्वांच्या गोळ्या बंद करूनही काळ लोटलेला असतो.

तीच कथा लोहाची, कॅल्शियमची आणि ड जीवनसत्त्वाची. अख्खा दिवस किनाऱ्यावर काढणाऱ्यालाही 'ड' कमी निघू शकतं. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर फुकट जाते आणि लोह-कॅल्शियम एकत्र घेतले तर एक दुसऱ्याला शोषू देत नाही. दोघांत दोन तास हवेत. गोळ्या आयुष्यभर. 'बरं वाटतंय' हे बंद करण्याचं कारण नव्हे.

उलट जुन्या गोळ्यांबाबत दुसरं टोक गाठलं जातं. मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा शस्त्रक्रियेआधीचा डोस तसाच चालू ठेवला, तर साखर आणि दाब धोकादायक खाली येऊ शकतात. ते डोस पहिल्या आठवड्यापासूनच डॉक्टरांकडून बदलून घ्यायचे. आणि 'मधुमेह गेला' असं म्हणताना जरा दमाने. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा मधुमेह मागे हटलेला होता, दहा वर्षांनी ३६ टक्क्यांचा. हे मोठंच यश आहे, पण साखर तपासणं सुटत नाही.

अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नये, विशेषतः बायपासनंतर. जोडाच्या जागी व्रण होतो. तंबाखूनेही तोच होतो. मशेरी हीदेखील तंबाखूच, 'फक्त दाताला लावते' म्हणून ती सुटत नाही.

केस, मूल आणि दारू

केस गळतात, साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. बहुतेकांचे परत येतात. प्रथिनं आणि लोह नीट असेल तर लवकर.

मूल होत नाही हे तर साफ उलटं. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. पहिले १२ ते १८ महिने मात्र थांबायला सांगतात, कारण तेव्हा शरीराकडे बाळासाठी पुरेसं नसतं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. तांबीसारखा दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावा.

दारू नव्या पोटात झपाट्याने चढते आणि उशिरा उतरते. बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून दारूच्या व्यसनाचं प्रमाण वाढलेलं अभ्यासांत दिसलं आहे. खाण्यात मन रमवणाऱ्याला खाणं मिळेनासं झालं की मन दुसरं काही शोधतं. याबद्दल घरात लाजेने कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिलं.

'पोटच लहान, वजन वाढणार कसं?'

वाढतं. लहान पोट घट्ट अन्नाला अडवतं, पातळ अन्न सरळ खाली उतरतं. बांगड्याचा अर्धा तुकडा पोट भरवतो, पण आमरसाच्या दोन वाट्या, आइस्क्रीम, गोड चहा यांना हे पोट ओळखतही नाही. बायपासवाल्याला तर साखरेनंतर अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब होतात, त्याला डंपिंग म्हणतात. एप्रिल-मेमध्ये हापूस खाऊच नये का? जेवणानंतर फोडी करून, दोन-चार, सावकाश. रस नको.

मुंबईला तपासणीला जायचं म्हणून मांडवी एक्स्प्रेस पकडावी, तर तीही परीक्षाच. तिचं नाव गोव्याच्या नदीवरून, पण ख्याती खाण्याची. कटलेट, वडा, ऑम्लेट डब्यातून सतत फिरत असतं. दर वीस मिनिटांनी थोडं थोडं तोंडात टाकणं हीच वजन परत येण्याची ठरलेली वाट. ऑम्लेट घ्यावं, वेळ ठरवून, आणि तोंड बंद करावं.

आता उमेदीचं. पहिल्या वर्षात उमेद फुकट मिळते. जठराच्या वरच्या भागात तयार होणारं घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक स्लीव्हनंतर घटतं, काटा दर आठवड्याला खाली येतो, जुने ब्लाउज आत घ्यावे लागतात, जेटीवर लोक थांबवून कौतुक करतात. दीड वर्षाच्या सुमाराला काटा थांबतो. कौतुक थांबतं. भूक थोडी परतते. काही किलो परत येणं हे शरीराच्या नियमाला धरूनच आहे. पण माणूस स्वतःला गुन्हेगार समजतो, डॉक्टर ओरडतील म्हणून जायचं टाळतो, आणि नेमकी तिथून घसरण सुरू होते. हा आळस नव्हे, चारित्र्याचा दोष तर नव्हेच. पाच किलो परत आल्यावर दाखवलं तर आहार, व्यायाम, समुपदेशन, गरज पडल्यास २०२५ मध्ये आपल्याकडे आलेली वजन कमी करण्याची नवी इंजेक्शनं, असे बरेच मार्ग आहेत. तीस किलोंनंतर ते कमी होतात.

चालणं चांगलंच, पण वाळूवरच्या सपाट फेरीने स्नायू राखले जात नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, जमेल तेव्हा रत्नदुर्गाचा चढ, असं काही वजन पेलणारं हवं.

घरच्यांसाठी एकच विनंती. गणपतीत शस्त्रक्रिया झालेल्या बाईला 'अगो, एक तरी मोदक घे, बाप्पाचा प्रसाद' असा आग्रह करू नका. तिला प्रसादाची चिमूट द्या आणि पंगतीत सगळ्यांत आधी वाढा, म्हणजे तिचं सावकाश जेवण बाकीच्यांबरोबर संपेल.

आणि ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांच्यासाठी. फाईल काढा आणि शेवटच्या तपासणीची तारीख बघा. वर्ष उलटलं असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, प्रथिनं आणि साखर यांसाठी रक्त द्या. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. रक्त रत्नागिरीत द्यावं आणि अहवाल सर्जनला पाठवावा. दोन-तीन दिवस सलग उलट्या होत असतील तर घरी थांबू नका. बी-१ या जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. तो संपल्यावर नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं, तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून कुठल्याही डॉक्टरसमोर बसलात की पहिलं वाक्य हेच सांगा: 'माझी वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, सलाइनआधी बी-१ द्यायचं का ते बघा.'